‘सगळं साफ करा’च्या वरची ओळ

जगात जेवढे कागद वाईट छापले जातात त्या सगळ्यांच्या मुळाशी एकच खोट आहे, आणि ती पृथ्वीतलावर फक्त एका माणसाला कळलेली आहे. हे विधान माझं नाही, त्या माणसाचंच आहे. माणूस परका असता तर मी हसून पुढे गेलो असतो. पण ते पडले आमचे साडभाऊ, म्हणजे माझ्या बायकोच्या सख्ख्या मोठ्या बहिणीचे यजमान, आणि त्यांना हसण्याची सोय आमच्या घरात नाही. त्यामुळे गेली पंधरा-सोळा वर्षं मी ही गोष्ट ऐकत आलो. संक्रांतीला ऐकली, पोळ्याला ऐकली, माझ्या स्वतःच्या मुलीच्या लग्नात वरात दारात उभी असताना ऐकली. गोष्ट अशी, की संगणकावर लिहायचं जे सॉफ्टवेअर असतं त्यात वरच्या बाजूला स्टाइलचा एक मेनू असतो. मथळा म्हटलं की मथळ्यासारखं दिसावं, मजकूर म्हटलं की मजकुरासारखं, त्यासाठी केलेली नावांची यादी. तुम्हीआम्ही तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. साडभाऊंच्या मते संगणकात शहाणपणाची म्हणावी अशी तेवढी एकच वस्तू आहे, आणि कंपनीने तिचं जे करून ठेवलं आहे त्याबद्दल कोणाला तरी शिक्षा व्हायला हवी होती.

सिंदेवाहीला तहसील कचेरीसमोर त्यांचं टायपिंगचं दुकान होतं. आधी ते टाइपरायटरवर मुलामुलींना शिकवायचे. पुढे टाइपरायटर भंगारात गेले आणि संगणक आले, पण मास्तरकी काही गेली नाही. एक खोली, दोन संगणक, एक प्रिंटर आणि बाहेर गिऱ्हाइकांसाठी बाकडं. दारावर पाटी होती, ‘अर्ज, दावे, लग्नपत्रिका टाइप करून मिळतील’, आणि तिच्याखाली त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, ‘बोल्ड करून मिळणार नाही’. ती पाटी वाचून निम्मी गिऱ्हाइकं शेजारच्या दुकानात जात. जी आत येत त्यांची तोंडी परीक्षा होई. एकदा एक माजी सरपंच आले आणि माझं नाव जरा मोठं अन् जाड करा म्हणाले. साडभाऊंनी हात की-बोर्डवरून काढून मांडीवर ठेवले आणि विचारलं, या कागदावर तुम्ही कोण आहात? सरपंचांना आयुष्यात हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. त्यांनी आपली सगळी पदं सांगितली. साडभाऊ शांतपणे म्हणाले, “तसं नाई. अर्जदार आहा, का साक्षीदार आहा? आधी ते काय आहे ते सांगा, कसं दिसते ते मागून पाहू.” सरपंच निघाले साक्षीदार. त्यांना बारीक अक्षर मिळालं आणि साडभाऊंना जन्माचा एक वैरी.

आधी ते काय आहे ते सांगा, कसं दिसते ते मागून पाहू. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की झोपेतही म्हणू शकेन. बोल्डचं बटण दाबणं म्हणजे त्यांच्या लेखी लबाडी होती. बटण दाबून अक्षर जाड होतं, पण ते का जाड झालं हे कागदाला कळत नाही. उद्या दुसऱ्याने तो कागद उघडला की त्यालाही कळत नाही. स्टाइलला मात्र नाव असतं, आणि नाव दिलं की त्या वस्तूशी आपली ओळख राहते. इथपर्यंत मलाही पटत असे. पण मग ते मेनूवर येत आणि त्यांचा आवाज चढे. हा मेनू कोणासाठी केला आहे? त्यात ‘इंटेन्स कोट’ म्हणून एक स्टाइल आहे. आपल्या तालुक्यात इंटेन्स बोलणारा माणूस एक दाखवा. ‘सटल एम्फसिस’ आहे, ‘सटल रेफरन्स’ आहे, आणि अर्जात जे रोज लागतं ते ‘विषय’ आणि ‘आपला नम्र’ कुठेच नाही. बरं, आपण स्वतः नावं घालावीत, तर यादीत ती कुठे बसतील याचा भरवसा नाही. आज वर असलेलं नाव उद्या खाली. आणि सगळ्यात मोठा अत्याचार असा, की प्रत्येक नाव त्या-त्या स्टाइलच्याच रूपात दिसतं. म्हणजे तळटीप हे नाव तळटिपेएवढं. ते वाचायला साडभाऊ इतके वाकत की त्यांचं नाक पडद्याला टेके. त्या काचेवर त्यांच्या नाकाचा एक कायमचा ठसा होता आणि आमची मेहुणी दर शनिवारी तो पदराने पुसायची. आम्ही या नाकावरून त्यांची फार थट्टा करत असू. मी तर जास्तच. मी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेला माणूस, ज्याला त्याला नीट बसा, पाठ सरळ ठेवा सांगायची माझी सवय.

आमच्याकडे टायपिंगच्या दुकानांची एक पद्धत आहे, आणि साडभाऊंच्या निम्म्या संतापाला ती जबाबदार होती. नवा कागद कोणी उघडत नाही. जुना कोणाचा तरी उघडायचा, नावगाव बदलायचं, छापायचं. त्यामुळे एका कागदात मागच्या वीस कागदांचे अवशेष राहतात. मोहर्लीच्या एका शेतकऱ्याचा बैल वाघाने मारला. त्याने शेजारच्या दुकानातून भरपाईचा अर्ज करून आणला, तो साडभाऊंना दाखवायला आणला, आणि साडभाऊंनी तो मला दाखवायला घरी आणला. मूळ फाइल लग्नपत्रिकेची होती. वाघाने बैलाचा गळा धरला ही ओळ पानाच्या मधोमध, वेलबुट्टीच्या अक्षरात, दोन्ही बाजूंना एकेक फूल. घटनास्थळ आणि वेळ ही माहिती विवाहस्थळ आणि मुहूर्ताच्या रूपात. मी पोट धरून हसलो. साडभाऊ हसले नाहीत. त्या मानसाचा बैल मेला आहे, इतकंच ते म्हणाले, आणि दुपारची झोप सोडून त्यांनी तो अर्ज पहिल्यापासून नव्या कागदावर करून दिला. पैसे घेतले नाहीत. वर शेजारच्या दुकानदाराला जाऊन अर्धा तास व्याख्यान दिलं, तेव्हापासून तो दुकानदारही त्यांचा वैरी झाला.

असा माणूस घरी आल्यावर थांबेल अशी आशा आमच्या मेहुणीने लग्नानंतर काही वर्षं बाळगली होती. एका दिवाळीला त्यांनी स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांना चिठ्ठ्या लावल्या. चिठ्ठीवर डब्यात काय आहे ते नव्हतं, ते कशासाठी आहे ते होतं. रोजचं. पावन्याचं. आजाऱ्याचं. सणाचं. डाळी, साखर, तिखट, सगळे डबे एकाच मापाचे आणि एकाच रंगाचे, कारण दिसण्याला महत्त्व नाही. त्या दिवाळीत मी तिखट घातलेला चहा प्यालो आहे. मेहुणी माझ्या बायकोला म्हणाली, “मीठ कुठी आहे ते या घरात कोनाले मालूम नाई. मिठाचं काम काय, तेवढं लिवून आहे.” साडभाऊंना यात टीका दिसलीच नाही. त्यांना वाटलं, बायकोला तत्त्व समजलं.

शेवटी त्यांनी कंपनीला लिहिलं. त्यांना पत्रलेखनाचा एकच नमुना येत होता, तहसीलचा. प्रति, माननीय मुख्य अभियंता साहेब. विषय, स्टाइलच्या मेनूत सुधारणा करणेबाबत. महोदय, वरील विषयान्वये विनंती करण्यात येते की. पुढे मुद्दे होते आणि खरं सांगतो, आता वाचले की ते वेड्या माणसाचे वाटत नाहीत. सगळी नावं एकाच वाचता येईल अशा अक्षरात दाखवावीत. ज्या कागदात जी स्टाइल वापरली असेल तेवढीच त्या कागदाच्या यादीत यावी. यादीचा क्रम वापरणाऱ्याने लावावा आणि तो त्याने लावला तसाच राहावा. आणि सगळ्यात खाली, नावांना चिकटून, एका फटक्यात सगळी स्टाइल काढून टाकणारी जी ओळ आहे, जिला साडभाऊ ‘सगळं साफ करा’ म्हणत, ती तिथून उचलून दूर न्यावी. आणि ती दाबलीच कोणी, तर संगणकाने त्याला आधी विचारावं की बाबा, तू हे काऊन करून राह्यला? अर्जाला त्यांनी दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलं, कारण तिकिटाशिवाय अर्ज दाखल होत नाही. रजिस्टर पोस्टाने पाठवला. अनेक महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं, आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. मोलाचा आहे तर वाचा ना, म्हणून साडभाऊ आठ दिवस धुमसत होते. मग त्यांनी दर सहा महिन्यांनी स्मरणपत्र पाठवायला सुरुवात केली. मला तेव्हा कंपनीची दया येई. आता माझाच संताप होतो, आणि तो का होतो हे सांगण्यासाठीच मी हे लिहायला बसलो आहे.

तीनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. गडचिरोलीकडच्या जंगलातल्या एका गावाने आपल्या जंगलाची वही केली. गावाचं नाव सांगत नाही, का ते पुढे कळेलच. कोणत्या नाल्यापासून कोणत्या टेकडीपर्यंत आपलं, मोह कुठे, चारोळी कुठे, डिंक कुठे, मध कुठे, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकतं, असं सगळं गावातल्या माणसांनी दोन वर्षं फिरून सात वह्यांत लिहून काढलं. जंगलाची देखरेख गावाकडे राहावी म्हणून त्याची छापील प्रत एका कार्यालयात द्यायची होती. वह्या घेऊन गावातल्या एक बाई दुकानात आल्या. साठीच्या असतील, चौथी शिकलेल्या, बोलायला कमी. त्यांनी सांगितलं की पुस्तकं दोन हवीत, एक गावात ठेवायचं आणि एक बाहेर द्यायचं. मग वही उघडून दाखवली. काही काही ओळींच्या सुरुवातीला हळदीचं बोट उमटवलेलं होतं.

“हळद लावली ते आमच्या घरचं,” बाई म्हणाल्या. “देवाच्या जागा आहेत, दवाईच्या मुळ्या आहेत. ते गावच्या पुस्तकात राहील, बाहेरच्या पुस्तकात जानार नाई. मागं एक मुळी बाहेरच्या मानसाले दाखवली होती, भाऊ. दुसऱ्या साली तिथी मुळी नव्हती, गड्डेच होते.”

साडभाऊ त्या पिवळ्या ठिपक्यांकडे किती तरी वेळ पाहत राहिले. मी बाजूलाच बाकड्यावर होतो. मला हाक मारून त्यांनी ती वही माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, “पाहा, साडभाऊ. या बाईनं जाड नाई केलं, मोठं नाई केलं. हे काय आहे तेवढं सांगतलं. अन् ते कंपनीले बारा वर्षांत नाई समजलं.” मग त्यांनी ‘घरचं’ नावाची एक स्टाइल केली, काम करताना ओळखू यावी म्हणून तिला हिरवा रंग दिला, आणि हळदीची प्रत्येक ओळ त्या स्टाइलमध्ये टाइप केली. छापायच्या वेळी एवढंच करायचं, की गावचं पुस्तक आधी काढायचं, मग ‘घरचं’ या एका नावाला ‘लपव’ म्हणायचं आणि बाहेरचं पुस्तक काढायचं. दोनशे पानांत जिथे जिथे घरचं असेल ते आपोआप नाहीसं होणार. बाईंची एक अट होती, फाइल एकच राहील, इंटरनेट नसलेल्या संगणकात राहील आणि तिची दुसरी प्रत कुठेही काढायची नाही. साडभाऊंनी ती अट इतकी पाळली की मेहुणीलाही त्या खोलीत झाडू मारू दिला नाही.

उन्हाळाभर ते काम चाललं. छापायचा दिवस ठरला, आणि नेमकी त्याच दिवशी साडभाऊंना चंद्रपूरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे तारीख मिळाली. वर्षभर त्यांच्या चष्म्याच्या नंबरासाठी अशा फेऱ्या चालल्या होत्या आणि आम्ही त्यावरही थट्टा करत असू. दुसऱ्या दिवशी कार्यालयात पुस्तक द्यायची शेवटची तारीख. तेव्हा मी म्हणालो, छापायचंच तर आहे, मी काढून ठेवतो. त्यांनी मला तीनदा समजावलं. मी तीनदा मान हलवली. पंचवीस वर्षं शाळा चालवलेल्या माणसाला एक बटण दाबायला शिकवताहेत याचा मला जरा रागच आला होता.

सकाळी फाइल उघडली आणि पानोपान हिरवी अक्षरं दिसली. आता मी मुख्याध्यापक. सरकारी कागदात हिरवा रंग मला सहन होणं शक्य नव्हतं. साडभाऊ एवढे काटेकोर आणि त्यांच्या हातून हा गबाळेपणा कसा राहिला, असं वाटून मला त्यांची कीवच आली. म्हटलं, आधी हे नीटनेटकं करू, मग ते लपवायचं बघू. सगळं सिलेक्ट केलं, स्टाइलचा मेनू खाली ओढला, आणि ‘घरचं’ हे नाव शोधता शोधता अगदी खाली आलो. तिथे ती ओळ होती. सगळं साफ करा. मला शाळेतल्या फळ्यावरच्या सूचनेसारखी ती ओळखीची वाटली. मी दाबली. सगळा मजकूर काळा, एकसारखा, पोरं रांगेत उभी राहावीत तसा झाला. मी खूश होऊन सेव्ह केलं. मग लपवायला हिरवं काही सापडेना, तेव्हा ते आपोआप लपलं असेल असं मी ठरवलं, दोन्ही पुस्तकं छापली, बांधून आणली आणि फाइल बंद करून चहा प्यायला गेलो. एवढ्या मूर्खपणाला शाळेत मी पोरांना बाकावर उभं केलं असतं.

दुपारी बाई आल्या, पाठोपाठ चंद्रपूरच्या गाडीने साडभाऊ आले, डोळ्यांवर काळा चष्मा. मी मोठ्या रुबाबात दोन्ही पुस्तकं बाईंच्या हातात दिली. त्यांनी ती उघडली नाहीत. एक डाव्या हातात, एक उजव्या हातात घेतलं, आणि मोह जोखावा तसं दोन्ही हात जरा वर-खाली केले.

“दोन्ही सारखेच जड कसे?” त्या म्हणाल्या. “घरचं तर घरी राह्याले पायजे होतं.”

मी पुस्तक उघडून पाहिलं. बाहेरच्या पुस्तकात सगळं होतं. प्रत्येक देव, प्रत्येक मुळी, कोणत्या नाल्याच्या कोणत्या वळणावर, सगळं काळ्या अक्षरांत, बिनचूक, माझ्या हाताने छापलेलं. बाईंनी हातात तोललं नसतं तर उद्या ते गेलं होतं. आणि फाइलमध्ये आता घरचं कोणतं आणि बाहेरचं कोणतं याची एकही खूण उरली नव्हती. मी काय केलं ते सगळं सांगून टाकलं. साडभाऊंनी काळा चष्मा काढला नाही. मला वाटलं आता ते बोलतील, आणि बोलायला हवंच होतं. पण त्यांचा संताप माझ्या अंगावरून सरळ पलीकडे गेला.

“तुमची चूक नाई, साडभाऊ,” ते म्हणाले. “हिरीले कठडा नाई बांधला, अन् पडला त्याले आंधळा म्हनून राह्यले. ते ओळ तिथून काढा म्हनून मी किती कागद लिवले.” मग त्यांनी ते बाहेरचं पुस्तक माझ्या हातून घेतलं आणि बाईंना म्हणाले की उद्या दुकान उघडताच वह्या घेऊन या. त्या दिवशी ते कंपनीबद्दल आणखी काही बोलले नाहीत. मला तेव्हाच नवल वाटायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी सकाळीच हजर झालो, मदत करतो म्हणालो. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी सौम्यपणे सांगितलं, मास्तर, तुमी बाहेर बसा. दिवसभर मी त्या बाकड्यावर बसलो. आतून एकच लय ऐकू येत होती. बाई वहीवर बोट ठेवून हळू आवाजात एक शब्द सांगायच्या, साडभाऊ तो शोधायला टाइप करायचे, मग ‘घरचं’साठी त्यांनी नेमून ठेवलेली बटणं दाबायचे. मेनूकडे ते गेलेच नाहीत. शब्द, टकटक, एक ठोका. पुन्हा शब्द. समोर तहसीलच्या आवारात लोक अर्ज घेऊन पळत होते आणि मी आयुष्यात पहिल्यांदा शिक्षा झालेल्या पोरासारखा वर्गाबाहेर होतो. जेवायला कोणी उठलं नाही. मेहुणीने डबा आणला तो तसाच राहिला. चार वाजता प्रिंटर सुरू झाला. बाईंनी पुन्हा दोन्ही पुस्तकं दोन हातांत घेतली, आणि डावा हात जरा वर आला तेव्हा त्यांनी मान हलवली. पाचच्या आत बाहेरचं पुस्तक कार्यालयात पोचलं. माझ्या चुकीचं ते जाड पुस्तक बाईंनी स्वतःसोबत गावी नेलं आणि चुलीत घातलं, असं नंतर कळलं.

आणखी एक गोष्ट नंतर कळली. आदल्या दिवशी चंद्रपूरला डॉक्टरांनी साडभाऊंना सांगितलं होतं की नंबराचा प्रश्नच नाही, हा काचबिंदू आहे, आणि गेलेली नजर परत येणार नाही. ही बातमी खिशात घेऊन ते गाडीतून उतरले होते, आणि उतरताच मी त्यांना माझा पराक्रम ऐकवला होता. मेहुणीलाही त्यांनी पुस्तक जाईपर्यंत काही सांगितलं नाही. ती रडत रडत माझ्या बायकोला म्हणाली की त्यांना किती वर्षांपासून कमी दिसत होतं देव जाणे. त्या काचेवरच्या नाकाच्या ठशाची आम्ही केलेली थट्टा मला एकेक करून आठवली. कसं दिसतं ते मागून पाहू असं म्हणणाऱ्या माणसाला दिसतच कमी होतं, आणि समोर बसून मी त्याला पाठ सरळ ठेवायला सांगत होतो. हे आठवलं की मला अजूनही माझ्याच मुस्कटात मारावीशी वाटते.

गेल्या वर्षी दुकान बंद झालं. साडभाऊ आणि मेहुणी गडचांदूरला मुलीकडे राहायला गेले. जावई तिथे सिमेंटच्या कारखान्यात आहे. गावाची ती फाइल बाई येऊन घेऊन गेल्या आणि संगणकातून स्वतःसमोर पुसून घेतली. रिकामा संगणक माझ्याकडे आला. मी त्यावर काहीबाही लिहीत असतो, पण स्टाइलच्या मेनूला त्या दिवसापासून हात लावला नव्हता. लावणार नाही अशी शपथच घेतली होती. पण हे लिहायला बसलो, तेव्हा ‘मथळा’ कुठे ठेवला आहे ते बघावं म्हणून मी तो उघडला. साडभाऊंनी यादी झाडून स्वच्छ केली होती. इंटेन्स काही उरलं नव्हतं. विषय, अर्जदार, साक्षीदार, आपला नम्र, वधू, भोजन, वर, बैल. बैलसुद्धा होता. आणि सगळ्यात खाली, ‘सगळं साफ करा’च्या बरोबर वर, बाकी सगळ्या नावांच्या तिप्पट मोठ्या अक्षरांत एक ओळ होती.

साडभाऊ, थांबा.

मी गडचांदूरला फोन लावला. मेहुणीने तो त्यांच्या कानाला लावून दिला. मी म्हणालो, हे तुम्ही कधी केलं? ते म्हणाले, पुस्तक गेलं त्याच संध्याकाळी. मग त्यांनी विचारलं, “म्हंजे तुमाले ते आज दिसून राह्यलं? एवढ्या दिवसांनी? पाहा, मी म्हनतो ना, मेनूच बेकार आहे.” आणि ते हसले. मीही हसलो. मी म्हणालो, पण एवढं मोठं अक्षर कशाला, मी काही आंधळा नाही. बोललो आणि जीभ चावली.

“तुमच्यासाठी नाई केलं मोठं,” साडभाऊ म्हणाले. “तवा मले तेवढंच दिसे.”

त्यांनी लगेच आवाज कडक केला आणि मेनू वाचून दाखवा म्हणाले, क्रम कोणी हलवला तर नाही ना ते बघू. मी वरून सुरुवात केली. विषय म्हटलं की ते हं म्हणत. अर्जदार, हं. साक्षीदार म्हटल्यावर त्या सरपंचाची आठवण काढून पुन्हा एकदा हसले. वधूनंतर वर न येता भोजन आलं होतं, तेव्हा कंपनीच्या मुख्य अभियंत्याचा उद्धार झाला, आणि या महिन्याचं स्मरणपत्र मी लिहायचं असं ठरलं. मी तिकीट लावायला विसरू नये असंही त्यांनी बजावलं. मग बैल आला, तेव्हा हसले नाहीत, हं म्हणाले. असं एकेक नाव घेत मी खाली खाली आलो, आणि ती ओळ आली तेव्हा थांबलो.